केतकीच्या झाडाला अभिषेक

रविराज,

सकाळी साडेसहाला केतकीच्या कॅलाथियाचं आणखी एक पान गळून पडलं. कुंडीवर वाकले तर आंबट दुधाचा वास आला आणि मुंग्यांची रांग दिसली. अभिषेकाचं तीर्थ बेसिनमध्ये ओतायचं नाही, हे मान्य. पण म्हणून दर सोमवारी दूध, मध, साखर याच्या मुळाशी? "तीर्थाने कुठलं झाड मरत नाही गं," म्हणतोस. हे मरतंय. याला साधं नळाचं पाणीही सोसत नाही. केतकीने पुण्याला जाताना बजावलं होतं, पण मला; तिच्या लग्नावरून भांडण झाल्यापासून तुझ्याशी ती बोलतच नव्हती. अजूनही ती घरी फोन करते ते झाडाची चौकशी करायला. झाड गेलं तर कशाला करेल?

माती मी बदलली आहे. आता त्यात काहीही घालू नकोस. आजचं तीर्थ खाली जास्वंदीला घालून ये, दोनच जिने आहेत.

मी कांद्याच्या लिलावाच्या बातमीसाठी सटाण्याला निघालेय, रात्री येईन. तुझा फोन चार्जिंगला लावताना केतकीचा मेसेज दिसला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तुला: "बाबा, झाडाचा फोटो पाठवाल?"

उज्वला