नऊ बरोबर होते

अप्पा,

पाचवीत तुम्ही फळ्यावर लिहिलंत, दहा वजा तीन अधिक दोन. मी नऊ म्हटलं. दहा पेरूंतले तीन दिले, दोन मिळाले, झाले नऊ. तुम्ही म्हणालात, "नियम मोठा की तुझे पेरू? कंचेभागुबेव! आधी बेरीज, मग वजाबाकी." बापाच्याच वर्गात मी तासभर उभी, आणि माझ्या वहीत तुमचा लाल शाईतला पाच. पुढे कधी कंस घातला तर म्हणायचात, "नियम पाठ असला की कंस लागत नाहीत."

तो नियम मी बेंगळुरूपर्यंत आणला. हे गेल्यावर मी इथल्या एका संगणक कंपनीत टायपिंगला लागले. मग जावा या नवीनच आलेल्या संगणकभाषेचं पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात वाचलं. अजून कधी हात दोन ताटं मांडतो. एक उचलून ठेवते आणि पुढचं पान वाचते. साहेबांनी तीन महिने दिले होते. यशवंतपूरच्या एका कारखान्यातल्या हत्यारखोलीचा प्रोग्राम जमला तर कायम, नाहीतर पुन्हा टायपिंग. शिल्लक ड्रिल काढायला मी लिहिलं, एकूण वजा दिलेले अधिक मोडलेले. बेरीज आधी होणारच, मग कंस कशाला?

हत्यारखोलीतल्या अण्णांचा फोन आला. ते बेळगावकडचे. "अक्का, चाळीसातले बारा दिले, पाच मोडले. कपाटात तेवीस, तुमच्या प्रोग्रामात तेहेतीस. मोडलेले ड्रिल पिल्लं घालतात काय हो?"

साहेब समोरच उभे. मी पुस्तक उघडलं. जावात बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून जे आधी येईल ते आधी. म्हणजे चाळीसातून बारा गेले आणि मोडलेले पाच परत मिळाले. तिथंच मी दहा वजा तीन अधिक दोन टाइप केलं. पडद्यावर नऊ. मला हसू आलं.

"चूक सापडली म्हणून हसताय?"

"दोन सापडल्या, सर. आजची माझी. तीस वर्षांपूर्वीची माझी नव्हती."

दिलेले आणि मोडलेले कंसात घातले. तेवीस आले. अण्णा म्हणाले, "सरी अक्का, बरोबर." मी कायम झाले.

आता मी सगळीकडे कंस घालते, लागोत न लागोत. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत. यंत्राला गरज नसेल, माझ्यामागून वाचणाऱ्याला असते. पुन्हा तासभर उभं करा, अप्पा, उभी राहीन. कंस खोडणार नाही.

ती वही माझ्याकडे आहे. हे पत्र तिच्यातच ठेवते. तुमच्या पाचाशेजारी काल मी नऊ लिहिला. लाल पेन हातात घेतलं होतं. लिहिला मात्र पेन्सिलीनं.