एका विमानाची दोन नाकं

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच घातला आहे. आडवा झालो असं समजून घ्यावा.) तुमची तब्येत ठणठणीत असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि ताई तुम्हाला मागाल तेवढा चहा देत नसेल, अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं क्षेम. तुमची सूनबाई बरी आहे. विमानही त्याच्या मानाने बरंच म्हणायचं; सविस्तर पुढे येईलच.

तुम्ही ताईकडे गेल्याला दीड महिना होत आला. झालेलं भांडण उकरून काढायचा माझा मुळीच विचार नाही. दारात उभं राहून, इंजिनाचं खोकं काखेत मारून, "तुझं ते मिक्सरसारखं भुणभुणणारं विमान तूच उडव" असं तुम्ही म्हणालात, तेही मी मनावर घेतलेलं नाही. फक्त एवढंच कळवायचं आहे की मी ते उडवलं, आणि विजेचा निर्णय योग्यच होता. तुम्हाला ते माहीत असावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

(ताई, हे तू मामांना वाचून दाखवत असशील तर कंसातलंही वाच, गाळू नकोस. तुला एकच बाजू ऐकायला मिळाली असणार, म्हणून थोडं मागचं सांगतो. मामी गेल्यावर मामा आमच्याकडे राहायला आले आणि आम्ही दोघांनी मिळून हॉलमध्ये विमान बांधायला घेतलं. हे मुलांचं खेळणं नव्हे. जुन्या दोन सीटच्या शिकाऊ विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती, पंख जोडले की चांगली नऊ फूट भरते आणि रिमोटवर उडते. मामांनी जन्मभर ट्रकची इंजिनं खोलली आणि जोडली. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. त्यामुळे लाकूडकाम आणि वरचं कापड चढवणं होईपर्यंत दोघंही सारखेच अडाणी होतो आणि एका शब्दाने वाद झाला नाही. पंख पिवळे की पांढरे यावरसुद्धा नाही. वाद झाला तो नाकापाशी येऊन. नाकात पेट्रोलचं इंजिन बसवायचं की विजेची मोटर, यावर.)

तर मामा, तुमचं म्हणणं, आवाज नाही ते विमान कसलं. शिवाय पेट्रोल काय, टाकी भरली की पुन्हा हवेत. बॅटरीचं म्हणजे घटकाभर उडवायचं आणि मग झाडाखाली बसून ती चार्ज व्हायची वाट बघायची. माझं म्हणणं, विजेला धूर नाही, तेलाचे ओघळ नाहीत, थरथर नाही, पुढचा पंखा हाताने फिरवताना बोटं जायची भीती नाही. दोघांचंही बरोबर असल्यामुळे मिटण्याची काही सोय नव्हती. शेवटी आपण त्याला दोन नाकं केली. चार बोल्ट सोडले की पेट्रोलचं उतरतं आणि विजेचं चढतं. जगात कुणी असं केलं नसेल, असं तुम्ही त्या दिवशी कौतुकाने म्हणाला होतात. का केलं नसेल ते मला आता कळलं आहे. मग तुम्ही गच्चीत पेट्रोलचं नाक चालवून पाहिलंत, ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि सूनबाईच्या वाळत घातलेल्या चादरींवर तेलाचे ठिपके उठले. (ते गेलेले नाहीत. ती आता नक्षी समजून वापरते.) त्यावरून पहिलं उड्डाण कुठल्या नाकाने करायचं, हा विषय निघाला, आणि तुम्ही पिशवी भरलीत.

तुम्ही गेल्यावर मी शांतपणे विजेचं नाक चढवलं. पहिलं काम बॅटऱ्या चार्ज करण्याचं. या बॅटऱ्या मोबाइलच्या नव्हेत. एकेक विटेएवढी, आणि आपल्याला दोन लागतात. चार्जर लावला तेव्हा गीझर चालू होता आणि सूनबाई इस्त्री करत होती. फट् असा आवाज झाला आणि आपल्याबरोबर खालचा मजलाही अंधारात गेला. खाली आपले दंतवैद्य एका गृहस्थाची दाढ कोरत होते. मशीन मध्येच बंद, गृहस्थ आ करून खुर्चीत, आणि इंजेक्शनने बधीर झाल्यामुळे त्यांना तक्रारही धड करता येईना. दंतवैद्य मास्क लावूनच वर आले. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. फक्त पुढच्या वेळी आधी सांगा म्हणाले, म्हणजे मी त्या वेळेला नुसत्या कवळ्या बसवत जाईन. त्या दिवसापासून ते विमानात लक्ष घालू लागले. मला वाटतं, आम्ही कधी काय चार्ज करतो यावर नजर राहावी म्हणून.

दुसरी गोष्ट तोलाची. विजेचं म्हणजे हलकं, हे मी तुम्हाला टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. ते खरं निघालं. इतकं खरं निघालं की पंखाखाली बोटं लावून उचललं तर विमान शेपटीवर बसू लागलं. आपण मुळात सगळं मापाने बांधलं ते तुमच्या इंजिनाचं वजन धरून. बॅटऱ्या पुढे सरकवल्या, तरी नाक आकाशाकडे. मग हलकं नाक जड करायला घरभर लोखंड शोधत फिरलो. (यावर तुम्ही आता हसत असाल. हसा.) तुमच्या हत्यारांच्या पेटीत तळाला मोठा पाना होता, तो राहिलाच होता. तो नाकात घट्ट बांधला आणि विमान बोटांवर असं समतोल उभं राहिलं की मला एकट्यालाच टाळी वाजवावीशी वाटली. म्हणजे तुमचा पाना सध्या माझ्या पक्षात आहे, हे लक्षात घ्यावं.

तिसरी गोष्ट सांगायची की नाही, याचा विचार करत होतो. पण ताईने दिलेल्या पडद्यांचा विषय असल्याने लपवणं बरं नाही. पेट्रोलच्या नाकात वेगाची तार उलट्या बाजूने ओढावी लागत होती, म्हणून तुम्ही गच्चीत रिमोटवरच्या वेगाच्या दांडीची दिशा उलटी करून ठेवली होती. तिथे ते योग्यच होतं. मी नाक बदललं, पण ती दिशा पुन्हा बदलायची राहिली. म्हणजे आता दांडी वर केली की बंद आणि खाली केली की पूर्ण वेग. दोन नाकं आणि एक रिमोट, अशा घरातच ही चूक होऊ शकते. सूनबाईला मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बोलावलं होतं, मोटर किती शांत असते ते ऐकायला. पंख काढलेले होते, पण पुढचा पंखा मात्र लावलेला होता. (तो काढून ठेवूनच चाचणी घ्यावी, असं मोटरच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे. मी दुसऱ्या ओळीपासून वाचलं.) बॅटरी जोडली. मोटर सुरू होईना, नुसती टीं टीं करू लागली. वेगाची दांडी पूर्ण वेगावर असेल तर ती सुरूच होत नाही, एवढी तिला अक्कल असते. मी दांडी वर केली. टीं टीं थांबली. आता चुकून सुरू व्हायला नको, म्हणून सावध माणसासारखं मी दांडी खाली ओढली.

शेपटीला जेवणाच्या टेबलाची खुर्ची बांधली होती, ती बरोबर गेली. विमान हॉल ओलांडून खिडकीपाशी पोचलं, पडदा नाकात घेतला, पूर्ण गुंडाळला, वरची दांडी खाली आली आणि मग ते थांबलं. मी सोफ्यावरून उडी मारली होती, तेव्हापासून कंबर धरली आहे. बाकी कुणाला खरचटलंही नाही. सूनबाई दारात उभी होती. थोडा वेळ पडद्याकडे बघून ती म्हणाली, "आवाज खरंच कमी आहे."

(तिचा सध्या माझ्यावर वेगळाच राग आहे. जुना मिक्सर दुरुस्तीला न्यायचा म्हणून तिने खोक्यात घालून दारापाशी ठेवला होता, तो सापडत नाही, आणि मी त्याची मोटर काढून विमानाला लावली असा तिचा ठाम समज आहे. परवा तिने विमानाचं नाक उघडून तपासलं. पाना सापडला.)

एवढं झाल्यावर रविवारी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर गेलो. शेपूट धरायला दंतवैद्य आले. विमान सोडलं आणि मामा, ते उडालं हो. जरासं धावलं, शेपूट उचलली आणि चाकं जमिनीवरून अशी अलगद सुटली की मला कळायच्या आत ते झाडांच्या वर होतं. आपले पिवळे पंख उन्हात काय दिसतात म्हणून सांगू! मी सवयीने डावीकडे वळून "बघा!" म्हणालो. डावीकडे दंतवैद्य होते. त्यांनी बघितलं. छान आहे म्हणाले.

मैदानावरच्या बाकी कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण आवाज कुठे होता? मग ते वळून सूर्याच्या अंगाला गेलं आणि मला नुसता एक काळा ठिपका दिसू लागला. येतोय की जातोय, चढतोय की पडतोय, काही पत्ता लागेना. शेजारी दुसऱ्या एकाचं पेट्रोलचं विमान उडत होतं. क्लबचे सेक्रेटरी त्याच्याकडे पाठ करून थर्मासमधून चहा ओतत होते. मागे न बघताच ते त्या माणसाला म्हणाले, "घसा धरलाय त्याचा, उतरव आता." त्याने उतरवलं. माझ्या विमानाचाही वेग त्याच वेळी कमी झाला असणार, पण त्या मुक्या विमानाने मला तसं काही सांगितलं नाही. ठिपका एका बाजूला कलला आणि मैदानाच्या टोकाच्या कुंपणात जाऊन बसला. एक चाक गेलं, पुढचा पंखा गेला, एका पंखाचा कोपरा फाटला. पान्याला काही झालेलं नाही.

एकंदरीत सगळा विचार करता, स्वच्छता, शांतता आणि आधुनिकता या तिन्ही दृष्टींनी वीजच सरस आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ताईला नमस्कार. जपून राहा, आणि संध्याकाळी फिरायला जाताना बरोबर कुणीतरी असू द्या.

तुमचा,
(विजेच्या पक्षाचा) भाचा

ता. क. विजेचं नाक सध्या साफसफाईसाठी काढलं आहे. बिननाकाचं विमान हॉलमध्ये बरं दिसत नाही, म्हणून तात्पुरतं पेट्रोलचं चढवलं. त्यात इंजिनाची जागा अर्थातच रिकामी आहे. तुमच्याकडे ते इंजिन नुसतं पडून असेल तर घेऊन या. उडवायचं असं नाही, फक्त बोल्ट बसतात का ते बघू.

पुन्हा ता. क. दुसऱ्यांची विमानं उडत असताना तुम्ही मैदानावर मान खाली घालून उभे राहायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्ही फुरंगटलात. तुम्ही ऐकत होतात. हे मला त्या सेक्रेटरींच्या चहामुळे कळलं. तुम्हाला विमान दिसत नाही मामा, ऐकू येतं. म्हणून तुम्हाला पेट्रोल हवं होतं, आणि तसं सांगायचं सोडून तुम्ही माझ्याशी धूर आणि टाकी यांवर भांडत बसलात. सूनबाईला हे केव्हाच कळलं होतं, तुम्ही कपाच्या बाहेर चहा ओतायला लागलात तेव्हाच. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला घरात पत्ता नव्हता, हे कृपया माझ्या दुकानात कुणाला सांगू नका. घरच्या माणसाला डोळे दाखवणार नाही, हा तुमचा हट्ट आता पुरे. दुकानात एकदा खुर्चीवर बसा. चष्म्याने भागलं तर भागलं, डॉक्टरकडे जावं लागलं तर मी बरोबर येतो, आणि कशानेच भागलं नाही तर पेट्रोलचं नाक आहेच. तुमच्याशिवाय घरात करमत नाही. हे वरच लिहायचं होतं, पण तिथे विजेचा विषय चालू होता.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करायच्या आधी सूनबाईने पत्र वाचलं. (तिने वाचल्याशिवाय या घरातून पत्र बाहेर पडत नाही.) वाचता वाचता ती उठली, माळ्यावर चढली आणि एक खोकं खाली घेऊन आली. इंजिन आमच्याकडेच आहे. तुम्हीच ते तेलकट फडक्यात गुंडाळून नव्या मिक्सरच्या खोक्यात ठेवलं होतंत. दारापाशी होतं ते जुन्या मिक्सरचं खोकं, तुम्ही रुबाबात काखेत मारून नेलंत ते. दीड महिना तुम्ही तो मिक्सर माझ्यापासून जपताय. (ताई, खोकं तूच उघड, आणि त्यांना एकदम सांगू नकोस.) तेव्हा इंजिनाच्या नावाखाली तुम्हाला बोलावण्याची माझी सोय गेली. आता काही कारण नसतानाच या. सूनबाई म्हणते, मिक्सर तिकडेच विसरलात तरी चालेल.