धुक्याचे एकोणीस दिवस

दौलतगंज, ग्वाल्हेर
१४ जानेवारी २०२५

चि. सोनिका हिस,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे आता कसे आहेत? तू हजीऱ्याच्या शाळेत फिजिक्स शिकवतेस, हे आमच्या घरी विमलकडून कळलं. संक्रांतीचा तिळगूळ तुला पाठवा, असं ती म्हणाली होती. माझं धाडस झालं नाही.

इकडे सगळं ठीक. मी विभागप्रमुख झालो. माझे पीएचडीचे विद्यार्थी युवराज आणि गरिमा यांचे प्रबंध येत्या उन्हाळ्यात सादर होतील. दोन्ही प्रबंध आपल्या त्याच पेपरवर उभे आहेत: दोन गच्च्यांमधल्या प्रकाशकिरणातून, तारेशिवाय संदेश पाठवण्याबद्दलचा तो पेपर.

गेल्या आठवड्यात मुरारच्या एका खासगी इस्पितळानं बोलावलं. त्यांनी आपला पेपर वाचून दोन इमारतींमध्ये तसंच यंत्र बसवलंय. अतिदक्षता विभागाचे इशारे त्यावरून जाणार होते. सकाळी दाट धुकं होतं, समोरची इमारत दिसत नव्हती. पडद्यावर सिग्नल शून्य.

तिथला इंजिनिअर म्हणाला, "सर, आपके पेपर में तो कोहरे में भी चलता है?"

मी म्हटलं, "आपकी सेटिंग में गड़बड़ होगी."

तो बिचारा सगळ्यांसमोर खाली मान घालून स्क्रू पिळत बसला. तेव्हा मला तू दिसलीस. चौकशी समितीपुढे तूही अशीच उभी होतीस. "सर, एकोणीस दिवस लिंक बंद होती, मी रोज लिहिलंय," असं तू म्हणालीस. आणि मी म्हणालो, मुलगी निष्काळजी आहे, नोंदवही तिनंच हरवली.

नोंदवही हरवली नव्हती, सोनिका. ती माझ्या कपाटात होती. धुक्याचे ते एकोणीस दिवस मी पेपरातून वगळले आणि तुझी पीएचडी गेली.

इस्पितळाचा जिना अर्धा उतरून मी परत वर गेलो. इंजिनिअरला सांगितलं, "गलती आपकी नहीं, पेपर की है. तार डलवाइए." तेवढंच जमलं. मग आपल्या संस्थेच्या संचालकांकडे गेलो, पेपर मागे घेतो म्हणालो. ते दार लावून म्हणाले, "दो बच्चों की थीसिस डूबेगी. दो साल बचे हैं आपके, निकाल लीजिए." बाहेर गरिमा पेढे घेऊन उभी होती, तिचं लग्न ठरलंय. मी पेढा खाल्ला आणि घरी आलो.

तेव्हापासून रोज विभागात जातो, खुर्चीत बसतो. सही करायला कागद येतात, मी करतो. खरं बोललो तर ही दोघं बुडतात. गप्प बसलो तर तू बुडालेलीच राहतेस. पाच वर्षांपूर्वी हा खड्डा मीच खणला. त्यात तुम्हा तिघांना उतरवलं.

तुझी नोंदवही रजिस्टर पोस्टानं पाठवतोय. सोबत माझ्या सहीचा कबुलीजबाब आहे. तू तो कुठंही दे, मी नाकारणार नाही. जे मी करायला हवं ते तुझ्यावर ढकलतोय, हे कळतं मला. हजीरा याच शहरात, इथून किती लांब? तरी पत्र लिहितोय, कारण समोर आलो तर पुन्हा सारवासारव करीन.

उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहिलं होतं. खोडलं. तुझ्याबाबतीत आणखी एक खोटं नको.

हेमेंद्र भागवत