गळती आढळली नाही

मंगळवार, ३ फेब्रु. २०२६. सकाळी ११.२०
ठीक या वेळी मोबाईलवर पाटबंधारे खात्याकडून आलं : 'चारीच्या गळतीबाबतची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पाहणीत गळती आढळली नाही.' वाचलं तेव्हा मी त्याच गळतीत घोट्यापर्यंत उभी होते. हातात विळा. शेळ्यांसाठी गवत कापत होते.
दिवाळीआधीची तक्रार. चारीचं, म्हणजे पाटाच्या पोटकालव्याचं, अस्तर उखडलंय, पाणी माझ्या खालच्या रानात झिरपतं. तिथे दलदल, डास, आणि काडीकाडीला पाणगोगलगायी.
माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर गेली. निकाली कशी काढतात हे मला शिकवू नये.

बुधवार, ४ फेब्रु.
पाटकरी भानुदास चारीवर भेटला. पाणी सोडणं, बंद करणं त्याच्याकडे. पाहणी कोणी केली, कधी केली, विचारलं.
"सायेब आल्ते की, बाई. मागल्या महिन्यात."
"तेव्हा चारी चालू होती?"
"न्हाई, बंद हुती. चालू आसली की समदं वल्लं हुतं, गाडी कुठं लावायची?"
म्हणजे गळती बघायला पाणी बंद असताना आले. मेलेल्याला थर्मामीटर लावायचा आणि ताप नाही म्हणून लिहायचं.
त्याला हाताला धरून दलदलीपाशी नेलं. गोगलगायी दाखवल्या.
"त्या तुमच्या रानातल्या, बाई. पानी तेवढं सरकारचं."
हसू आलं, त्याचाही राग आला.
शेळ्यांतल्या काळीच्या जबड्याखाली काल संध्याकाळी पिशवीसारखी सूज. आज सकाळी नाही. जास्त चरली असेल.

शुक्रवार, ६ फेब्रु.
जास्त चरली नव्हती. संध्याकाळी सूज पुन्हा. राहुरीहून गुरांचे डॉक्टर आले. तरुण आहेत, बोलणं मोजकं. काळीची पापणी उलटली. आतून पांढरीफटक. दोन्ही शेळ्यांच्या लेंड्या तपासायला नेल्या.
"चारा कुठला?"
सांगितलं. शेळी चिखलात पाय घालत नाही, म्हणून मीच कापून आणते. हिरवंगार असतं.
म्हणाले, तिथल्या गोगलगायी बाटलीत घालून सोमवारी घेऊन या.
रात्री सुमनचा फोन. काळी आणि चंद्री तिच्या. ती तिसगावकडची, ऊसतोडीला जाते. गेली दोन वर्षं तिची टोळी शेजारच्या मळ्यात उतरायची. यंदा मुकादमाने कर्नाटकात नेली, ट्रकमध्ये शेळ्यांना जागा नाही. दसऱ्यानंतर माझ्या दारात बांधून गेली. मी म्हटलं, फुकट राखते. तर म्हणाली, "नगं. फुकट राखली तर शेळी लाभत न्हाई. चंद्री व्याली की येक करडू तुमचं." चंद्री गाभण आहे.
"काळी खाती का, बाई?"
"खाते."
खोटं नव्हतं. खरंही पुरतं नव्हतं.

सोमवार, ९ फेब्रु.
डॉक्टरांनी गोगलगायी स्वच्छ पाण्याच्या ग्लासात घालून उन्हात ठेवल्या. तासाभराने पाणी जरा गढूळ. एक थेंब काचपट्टीवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. शेपटीवाले ठिपके, वळवळ वळवळ, एवढ्या घाईने की जणू यांची एस.टी. चुकते आहे.
पर्णकृमीची पिल्लं. तिथे पाण्यावर येणाऱ्या मेंढरांच्या लेंड्यांतून अंडी पाण्यात, मग गोगलगायीत वाढ, मग बाहेर. गवताच्या काडीला चिकटतात, शेपटी टाकतात, कवच करून वाट बघत बसतात. शेळीने काडी खाल्ली की काळजात घर. लेंड्यांत अंडी सापडलीच.
म्हणजे शेळी चिखलात गेली नाही, चिखल मी तिच्या तोंडापर्यंत नेला. रोज सकाळी. विळ्याला धार लावून.
दोघींना औषध पाजलं. चंद्रीचं ठीक दिसतंय. काळीला उशीर झालाय, म्हणाले.

बुधवार, ११ फेब्रु.
आधी शेतीचं ऑफिस. "पिकावरची गोगलगाय आमच्याकडे. पाण्यातली नाही." वर एक पत्रक : चुना टाका.
मग पाटाचं ऑफिस. साहेब भेटले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, तक्रार उभं राहून आणि पूर्ण वाक्यात करावी. खुर्ची दिली ती घेतली नाही. डॉक्टरांचा अहवाल पुढे ठेवला. त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवला, न वाचता.
"मॅडम, गवत कापून कोणी घातलं?"
"मी."
"मग झालं तर. आमचं पाणी काय तुमच्या शेळीच्या तोंडात गेलं नाही."
एकसष्टी उलटली, उत्तर पहिल्यांदाच उशिरा सुचलं. दारात आल्यावर. तेव्हा साहेब जेवायला गेले होते.

शनिवार, १४ फेब्रु.
काळी सकाळी गेली. मान माझ्या पायावर टाकून. डॉक्टरांनी पोट उघडलं. काळीज दगडासारखं, आत पिंपळाच्या कोवळ्या पानांसारखे चपटे किडे. बघितलं सगळं. मान वळवली नाही.
खड्डा भानुदासने खणला. न सांगता आला, फावडं घेऊन. "बाई, म्या तुमच्या तक्रारीवर साक्षीची सही करतो, पर नाव घालू नगा." सही कशी करणार मग, बाबा. चहा दिला.

रविवार, १५ फेब्रु.
सुमनला सांगितलं. सगळं. गवत, गोगलगायी, मी.
मागे कोयत्यांचा आवाज. मग म्हणाली, "आमच्याकडं रीत हाय, बाई. शेळी दुखन्यानं गेली तर मालकाची गेली. राखनाराच्या चुकीनं गेली तर राखनाराची."
"मग ही माझी गेली. व्याली की चंद्रीची सगळी करडं तुझी."
"तसं न्हाई म्हनत. तुमाला ठाऊक हुतं का गवतात काय हाय त्ये?"
"नाही."
"मंग तुमची कशी? आन् माझी बी कशी? म्या तर हितं हाय." मग, "पट्टा पडला, कारखाना बंद झाला की येते. तवर इचारून ठिवा, कुनाची गेली."
तिचा आवाज चढला नव्हता. माझाच चढला, फोन ठेवल्यावर, रिकाम्या घरात.

मंगळवार, १७ फेब्रु.
पाटाच्या साहेबांना पत्र रजिस्टर पोस्टाने धाडलं. मजकूर इथे उतरवून ठेवते, शेवटचा परिच्छेद फक्त :
'आपली चारी गळते. पाणी चालू असताना येऊन पाहावे, गाडी माझ्या अंगणात लावावी. चंद्री नावाची गाभण शेळी अजून जिवंत आहे आणि तिथे पाण्यावर मेंढरं रोज येतात, त्यामुळे अस्तर कधी बांधणार ते कळवावे. दुसरे, काळी कोणाची गेली, मालकिणीची, राखणारीची की आपली, हे स्पष्ट लिहावे. "निकाली" हे उत्तर चालणार नाही, तो शब्द मी आपल्यापेक्षा जास्त वेळा वापरला आहे. गुरुवार, २६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवे, सहीनिशी, सही करणाऱ्याचे नाव वाचता येईल असे.'