एकविसावं मत

१२ एप्रिल

प्रिय आर्डिस,

तुझ्या नाताळच्या कार्डाला उत्तर द्यायला मला एप्रिल उजाडला. कार्डावर तू एकच ओळ लिहिली होतीस, 'शाळा चांगली आहे, वर्गातून नदी दिसते', आणि खाली नाव. सव्वीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलेल्या बाईला एवढीच ओळ! मी रागावले नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? रागावले. मग कार्ड फ्रिजवर लावलं, ते अजून तिथेच आहे. पूल ओलांडला की तुझं मिनेसोटा, इकडे आमचं विस्कॉन्सिन. गाडीने चाळीस मिनिटं. तू आली नाहीस, मीही आले नाही.

पत्र कशाबद्दल आहे ते आधीच सांगते, म्हणजे तू उगीच चाचपडणार नाहीस. आपल्याकडे तिसरीला शिकवणाऱ्या ब्रिटाने तुमच्या शाळेत नोकरीसाठी अर्ज केलाय. येत्या गुरुवारी तिची मुलाखत आहे आणि निवड करणाऱ्या चौघांत तू आहेस. हे मला तिनेच सांगितलं. यादीत तिचं नाव बघून तुझ्या कपाळाला कशी आठी पडली असेल, ती मला इथे बसून दिसते. तिला इथून जायलाच हवं, आर्डिस. इथे तिचं फार वाईट चाललंय. पण त्याकडे मी सावकाश येते. एकदम लिहायला हात धजत नाही.

इथलं म्हणशील तर थंडी हटायचं नाव नाही. सकाळी अजून गाडीची काच खरवडावी लागते. बुधवारी मी अजून लाल स्वेटर घालते, तुझी शपथ. आठवतं ना, आपण सगळे लाल घालून गाड्या उभ्या करायच्या जागी थांबायचो, हीटर चालू ठेवून, आणि सव्वासात वाजले की एकदम दारं उघडून चाळीस माणसं एका रांगेत शाळेत शिरायचो? शाळा मंडळाशी संघटनेचा करार रखडला की एवढंच करायचो. ना घोषणा, ना आरडाओरडा. मुख्याध्यापक खिडकीत कॉफीचा कप घेऊन बघत राहायचे आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. आता जो येतो तो तडक आत जातो. मी मात्र सव्वासातपर्यंत गाडीतच बसते. सवय जात नाही. परवा शिपाई काचेवर टकटक करून म्हणाला, 'ट्रूडीबाई, गाडी बंद पडली का? ढकलू का?' मी म्हटलं, 'नको रे बाबा, गाडी ठीक आहे.'

जेवणाची सुट्टीही गेली. तीस मिनिटं, मुलांविना, दार लावून जेवायचं, हे कलम मिळवायला तू आणि मी एक अख्खा हिवाळा शाळा मंडळाशी घासाघीस केली होती. तू बोलायचीस, मी टिपणं काढायचे. त्यांचा वकील म्हणाला होता, 'अर्धा तास कशाला? सँडविच खायला सात मिनिटं लागतात.' आणि तू म्हणालीस, 'तुम्हाला लागत असतील. आम्ही चावून खातो.' आता करार नाही, नियमपुस्तिका आहे, आणि ती मंडळ वाटेल त्या महिन्यात बदलतं. ऑक्टोबरमध्ये ते पान बदललं. मी आता मुलांचे दुधाचे पुडे फोडत उभ्याउभ्या सफरचंद खाते. घरी तरी कोण आहे म्हणा. वॉल्ट गेल्यापासून टेबलावर एकच ताट, आणि गुरुवारचा पत्त्यांचा डाव तू गेल्यापासून मोडला. तीन माणसांत तो खेळ होत नाही.

संघटनांविरुद्धचा तो कायदा येत होता तेव्हा आपण बस करून राजधानीला, मॅडिसनला गेलो होतो, ते मला आजकाल फार आठवतं. विधानभवनात इतकी माणसं की तुझा बूट गर्दीत निघून आला, आणि एका अग्निशामक दलाच्या जवानाने तो डोक्यावर धरून ओरडत फिरवला, 'कोणाचा? कोणाचा?' कायदा तरीही झाला. पगारापलीकडे कशावरही बोलणी करायची नाहीत. शिवाय शिक्षकांची संघटना हवी की नको, यावर दरवर्षी नव्याने, फोनवरून मत घ्यायचं. तू शिक्षकांच्या खोलीत सूप पिता पिता ते सगळ्यांना समजावलंस. तुझा आवाज अजून कानात आहे: 'बायांनो, आणि तुम्ही पुरुषहो, नीट ऐका. आपण एकेचाळीस. एकवीस "हो" लागतात. मत देणाऱ्यांतले नव्हेत, सगळ्यांतले. जो फोनच करणार नाही, त्याचं "नको" धरणार.' हॅल म्हणाला, 'म्हणजे मेलेला माणूसही त्यांच्याच बाजूने?' आणि तू म्हणालीस, 'हो, म्हणून मतदानाचे वीस दिवस कृपा करून कुणी मरू नका.'

मग तू पिवळ्या वहीत नावं लिहायला सुरुवात केलीस. सांगितल्यावर कोण मत देईल, कोण नक्की देणार नाही. अर्धे लोक कंटाळले होते, अर्ध्यांना वाटत होतं की आता बोलणी करायला उरलंय काय. दोन आठवडे तू घरोघर फिरलीस, रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचे डबे घेऊन. एकवीस नावांपुढे खूण झाली. एकविसावी खूण ब्रिटाची. नोकरीला लागून तिला दीड वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली होती, 'मला यातलं फार कळत नाही, पण तुम्ही म्हणता तर देते.' मंगळवारी बारा वाजता मुदत संपली. शुक्रवारी आकडा आला: वीस.

त्या शुक्रवारी तू खोलीत उभी राहून म्हणालीस, 'एकवीस जणांनी मला शब्द दिला होता. एकाने तो माझ्या तोंडावर खोटा दिला.' तू नाव घेतलं नाहीस. फक्त ब्रिटाकडे पाहिलंस. त्या मंगळवारी सकाळी ती मंडळाच्या अधीक्षकांच्या खोलीतून हसत बाहेर पडताना कुणालातरी दिसली होती, तेवढं पुरलं. पोरगी पांढरीफटक पडली. एवढंच म्हणाली, 'मी दिलं मत.' कुणी तिला दोष दिला नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. आपल्या गावाची रीत तुला ठाऊक आहे. इथे कुणी भांडत नाही. राग आला की माणूस 'बरं' म्हणतो आणि गप्प होतो. वॉल्ट आणि त्याचा भाऊ कुंपणावरून अकरा वर्षं बोलले नाहीत आणि दर रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसले. तसंच तिचं झालं. दीड वर्ष, आर्डिस. ती खोलीत आली की बोलणं थांबतं. तिच्या वाढदिवसाला केक कुणी आणला नाही. तिने स्वतः आणला, तर त्याला कुणी सुरी लावली नाही; संध्याकाळी ती तो तसाच गाडीत ठेवत होती. मी खिडकीतून बघत होते. मीसुद्धा तुकडा घेतला नव्हता.

आता त्या सोमवारबद्दल सांगते, मुदतीच्या आदल्या दिवसाबद्दल. मी दूध आणायला दुकानात गेले होते आणि गल्ल्यावरचा डेल मला म्हणाला, 'काय ट्रूडी, मैत्रीण पलीकडे चालली म्हणे? तिकडचा शिक्षकाचा परवाना काढतेय ना? त्यासाठी पोलीस ठाण्यात माझ्या बायकोनेच तिच्या बोटांचे ठसे घेतले.' मी म्हटलं, 'हो तर, मला माहीत आहे.' मला काहीच माहीत नव्हतं. दूध गल्ल्यावरच विसरून मी घरी आले. तू एकवीस लोकांकडून संघटना टिकवायचा शब्द घेत होतीस आणि स्वतः जायची तयारी करत होतीस. आणि मला, मला डेलकडून कळावं! मी तुला फोन करायला हवा होता. तुझ्या दारात उभं राहून कचाकचा भांडायला हवं होतं. मी आपल्या गावचीच. मी गप्प बसले.

जूनमध्ये तुझ्या निरोपाच्या दिवशी तू सामान गाडीत ठेवताना म्हणालीस, 'परवाना मी नुसता काढून ठेवला होता, ट्रूडी. संघटना टिकली असती तर मी हलले नसते.' तेव्हा मी तुझी खोकी उचलत होते. माझ्या हातातलं खोकं खाली पडलं आणि तुझा काचेचा पृथ्वीगोल फुटला, आठवतं? तू म्हणालीस, 'जाऊ दे गं, काचच आहे.'

परवा ब्रिटा माझ्या वर्गात आली. तुमच्या शाळेसाठी माझं शिफारसपत्र मागायला. इथे दुसरं कुणी देणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, देते की. ती दारापर्यंत गेली आणि थांबली. म्हणाली, 'आर्डिसबाईंना फक्त खरं लिहा. मी त्या मंगळवारी पुस्तकांच्या खोलीत नकाशा घ्यायला आले होते. तुम्ही फोनसमोर बसला होतात, मतदानाचा क्रमांक लिहिलेलं कार्ड हातात घेऊन. बाराची घंटा झाली तेव्हा तुम्ही ते कार्ड पर्समध्ये ठेवलंत.' मी विचारलं, 'अगं, मग दीड वर्ष बोलली का नाहीस?' तर म्हणाली, 'तुमची मैत्रीण चालली होती. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल.' एकविसावं मत माझं होतं, आर्डिस. मी ते दिलं नाही. 'नको' म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. फक्त तुझ्यावर रुसून बसायचं होतं, आणि बाकीचे वीस आहेत, कुणीतरी आणखी एक देईलच, असं मनाला सांगत घड्याळाकडे बघत राहिले. ब्रिटाचं शिफारसपत्र सोबत वेगळ्या कागदावर आहे. ते चांगलं आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. हे पत्र गुरुवारी बाकीच्या तिघांना वाचून दाखव, मला चालेल. इथल्या लोकांना मी उद्या सव्वासातला सांगणार आहे, बाहेर, गाड्यांपाशी, ब्रिटा शेजारी असताना. त्यानंतर माझ्याशी कोण बोलेल, मला माहीत नाही. तू बोलशील की नाही, तेही माहीत नाही. त्या सोमवारी मला तुला फोन करून 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं गं. ते आज म्हणते, आता त्याचा उपयोग नसला तरी.

तुझीच,
ट्रूडी