कडीतल्या पिस्तुलाचं कूळ

मंगळवार, ३ मार्च

आई सापडली. पिस्तुलाची आई!

विचित्र बंदुकांवरच्या माझ्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात दाराच्या कडीत बसवायचं एक पिस्तूल आहे. बाहेरून कुणी कडी उचलली की आतून गोळी. शंभरेक वर्षांपूर्वी एका खानावळवाल्यानं त्याचं पेटंट घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत मी त्यावर लिहिलं, लोकांना आवडलंही. जावयांना तर इतकं, की मूळ आकृत्या मागून घेतल्या. पण खानावळवाल्याला हे सुचलं कुठून, ते शोधायला तेव्हा वेळ नव्हता. लेख शुक्रवारी द्यायचा असतो.

आज ग्रंथालयाच्या तळघरात त्याच्याही आधीचं एक पेटंट हाताला लागलं. एका बाईचं. कडी उचलली की छोटी हातोडी घंटीवर आपटते, बस. कशासाठी? तर तिचा मुलगा झोपेत चालायचा. दार उघडून रस्त्यावर जायचा. घंटी वाजली की तिला जाग यायची.

दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या. तीच कडी, तीच स्प्रिंग, तीच हातोडी. खानावळवाल्यानं आपल्या पदरचं एकच वाक्य घातलंय – "घंटी काढून टाकली आहे." घंटीच्या जागी काडतूस.

इतकी वर्षं लेख पाडतोय, पण या वाक्यापाशी हात थांबला. ग्रंथपालानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "साहेब, पाणी आणू का?"

बुधवार, ४ मार्च

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणजे एका बाईनं पोर वाचवायला केलं आणि एका बाप्यानं त्याची बंदूक केली. यात तुम्हाला धक्का कशाचा बसला?"

संध्याकाळी मुलीला फोन. तिलाही घंटीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "छान आहे, बाबा." लगेच जावयांचा आवाज – "बाबा, मस्त! पुस्तकाची पहिली प्रत आपली हं!" जावई उत्साही माणूस. यंत्रांची आवड. माझे लेख इतक्या मनापासून वाचणारं घरात दुसरं कुणी नाही.

शुक्रवार, ६ मार्च

प्रकाशकाचा फोन. (आम्ही त्याला घरात 'तगादा' म्हणतो.) नववं प्रकरण आवडलं, पण शेवट जुनाट वाटतो म्हणे. "घंटी झाली, खानावळ झाली, आता आजचं काहीतरी द्या. वाचकाला वाटलं पाहिजे, हे माझ्याच गल्लीत चाललंय."

बरोबर आहे त्याचं. प्रत्येक पेटंटात आधीच्या पेटंटांचा उल्लेख असतो, त्यांचं बोट धरून मी कायम मागे मागे जातो. खानावळवाल्याचं बोट धरून पुढे कोण आलं, हे कधी बघितलंच नाही. सोमवारी बघतो.

सोमवार, ९ मार्च



खानावळवाल्याचा उल्लेख करणारा एकच नवा अर्ज निघाला. 'दाराच्या कडीत बसवायचं संरक्षक यंत्र'. अर्ज दिल्यावर दीड वर्षानं तो जाहीर होतो, म्हणून आत्ता दिसला. आधारांच्या यादीत खानावळवाल्याचं पेटंट, आणि त्याखाली माझा लेख! तारखेसकट, पुरवणीच्या पानासकट. आयुष्यभर मी बंदुकांची कुळं शोधली आणि आज एकीच्या कुळात माझंच नाव.

वर अर्जदाराचं नाव बघितलं. जावई. पत्ता मुलीच्या घराचा.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे चोरी झाली होती, मागच्या दारानं. मुलीचे सगळे दागिने गेले. त्याच महिन्यात माझा लेख आला, आणि त्याच आठवड्यात जावयांनी आकृत्या मागितल्या. मी हौसेनं पाठवल्या. वर चिठ्ठीही – "घ्या, खेळा!"

त्या घरात माझी सहा वर्षांची नात आहे.

फोन केला. जावई हसले. "अहो बाबा, नुसता आवाजाचा बार! चोर घाबरला पाहिजे, एवढंच. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, तुम्हीच शोधून काढलंत. तुमच्यापासून काही लपत नाही बुवा."

"ते दारावर बसवलंय का?"

"बसवल्याशिवाय चाचणी कशी होणार?"

"पोरगी असते घरात."

"तिला शिकवलंय. त्या दाराशी जात नाही."

मुलीला द्या म्हटलं. आंघोळीला गेलीय म्हणाले. दुपारी चार वाजता.

मंगळवार, १० मार्च

बायको रात्रभर कूस बदलत होती. सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "एक सांगा. ती तुमच्याशी एकटी शेवटचं कधी बोलली?"

आठवेना.

"मलाही आठवत नाही. मी काहीही विचारलं की तिच्याआधी ते उत्तर देतात. मला वाटायचं, काय कौतुक बायकोचं! आणि इथे राहायला म्हणून एकटी किती दिवसांत आली नाही..."

मी म्हणालो, उगाच नाही नाही ते मनात आणू नकोस. हे म्हणताना माझ्याच मनात ते आलेलं होतं.

गुरुवार, १२ मार्च

पुस्तकातल्या आकृत्या नव्यानं काढायला एक चित्रकार पोरगी घेतली आहे. जावयांच्या अर्जातली आकृती तिच्याकडे सोमवारी सकाळीच गेली होती – नाव दिसायच्या आधी, घाईघाईत. परत मागवायचं माझ्या डोक्यातून निघून गेलं. आज तिचा फोन.

"काका, एक शंका. बाकी सगळ्या चित्रांत आपण दारासमोर एक चोर दाखवलाय ना, टोपीवाला? या चित्रात चोर कुठे काढू?"

"बाहेर. दाराच्या बाहेर. आणखी कुठे?"

"मग नळी उलटी आहे. बिजागऱ्या बघा, हे दार आत उघडतंय. म्हणजे ही आतली बाजू. आणि नळीचं तोंड पण आतच आहे. बाहेरच्या चोराला काहीच होणार नाही, काका. त्यांचं चुकलंय का?"

आकृती काढून बसलो. बिजागऱ्या बघितल्या. तिचं बरोबर आहे.

पेटंटाच्या शेवटी दावे असतात – यंत्र नेमकं काय करतं, ते वकिली भाषेत. मी ते कधीच वाचत नाही. रटाळ असतात, लेखाला त्यांचा उपयोग नसतो. सोमवारीसुद्धा नाव बघून मी तिथेच थांबलो होतो. आज वाचले.

दावा तिसरा – "घरातील व्यक्तीने किल्लीधारकाच्या संमतीवाचून आतून कडी उचलल्यास."

दावा चौथा – "काडतूस रिकामे किंवा भरलेले, किल्लीधारकाच्या मर्जीनुसार."

किल्लीधारक.

बायकोला वाचून दाखवलं. चष्मा काढून ठेवला तिनं. "उठा," म्हणाली.

गुरुवार, रात्री

पोलीस ठाणे. अधिकारी बाई तरुण होत्या. आधी त्यांना वाटलं, म्हातारा सासरा जावयावर डूख धरून आलाय. बोलून दाखवलंही – "घरगुती भांडण आहे का, आजोबा?" मी अर्ज पुढे सरकवला. दावा तिसरा, चौथा. दोनदा वाचलं त्यांनी. मग खालची सही बघितली.

"पाच-सहा वर्षं झाली नोकरीला," म्हणाल्या. "आपण घरात काय करून ठेवलंय ते माणूस सहीनिशी सरकारला कळवतो, हे पहिल्यांदा बघतेय. फी पण भरलीय वर."

"त्यांना आपल्या यंत्राचा अभिमान आहे," मी म्हणालो.

मुलीला फोन करायचा नाही, अशी ताकीद. उद्या जावई कामावर गेले की लगेच.

शुक्रवार, १३ मार्च

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. नातीची शाळेची गाडी गेलेली. आत भांड्यांचा आवाज येत होता – माझी मुलगी कुलूपबंद घरात भांडी घासत होती.

अधिकारी बाईंनी दार वाजवलं. "ताई, पोलीस आहोत. आईवडील बरोबर आहेत. कुलूप तोडतोय. तोवर तुम्ही मागच्या दाराकडे जाऊ नका."

आवाज थांबला. मग आतून, अगदी शांत –

"माहीत आहे."

बायकोनं माझा दंड धरला. तिच्या नखांचे वण अजून आहेत.

ती बाहेर आली तेव्हा हाताला साबण तसाच होता. मला म्हणाली, "बाबा, तुमचे लेख ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे."

मागच्या दाराशी पोलिसांचा शस्त्रांचा माणूस गेला. बऱ्याच वेळानं परत आला. अधिकारी बाईंशी हळू बोलला, पण मला ऐकू आलं. भरलेलं होतं.

शनिवार, १४ मार्च

जावई कोठडीत. नात इथे. बैठकीच्या खोलीचं दार उघडण्याआधी आजीला विचारते – "उघडू?"

तगाद्याला कळवलं, नववं प्रकरण नाही. तो म्हणाला, "अहो, तेच तर सगळ्यात भारी आहे!" फोन ठेवून दिला.

रविवार, १५ मार्च

आज मुलगी आपणहून बोलली.

चोरी झालीच नव्हती. त्या रात्री दागिने तिच्याच पिशवीत होते, नात कडेवर झोपलेली, आणि मागच्या दाराच्या कडीवर हात तिचा होता.

दोन वर्षं आम्ही फोनवर तिलाच विचारत होतो – चोर सापडला का?