सुकेळी कुणी खाऊ नयेत

सासूबाई, टोपली डोक्यावर घेऊन आगाशीच्या बाजारात जाणारं आता आपल्या घरात कोणी उरलं नाही. सुकेळी मात्र अजून होतात. केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात वाळवायची, ते मी बघते. विकते माझी सून. बोळिंजच्या फ्लॅटात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा राजेळी आणि वेलची केळी तिला सारखीच. ऑफिस सोडून या धंद्यात पडली. कॉम्प्युटरवर मालाबद्दल लेख लिहिते, त्याला ब्लॉग म्हणतात. लोक घरबसल्या वाचतात आणि फोन करून माल मागवतात. शिमग्यापर्यंत जम बसला नाही तर परत नोकरी धरायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

एक लेख तिनं मला वाचून दाखवला. दर ओळीत 'वसईची उत्तम सुकेळी, वसईची उत्तम सुकेळी'. मी म्हटलं, "बहिऱ्याला हाक मारतेस काय गो?" ती म्हणते, "आई, असं लिहिलं की शोधणाऱ्याला आपला लेख पहिला दिसतो." बरं, दिसू दे. पण पुढे आलं, 'मधुमेहावर गुणकारी'. मी हातातली केळी खाली ठेवली. हे कुणी सांगितलं तुला? तर म्हणे दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, तिथून घेतलं. "आणि याच ओळीमुळे सगळ्यात जास्त लोक येतात, आई."

सासूबाई, साखरेच्या आजारात तुमचा पाय मी धुतलाय. अंगठा काळा पडला तरी तुम्ही पदराखाली सुकेळं लपवून खात होता. मी पकडलं की म्हणायचात, "सुकल्यात कसली गो साखर, सगला पानी उडालाय." पाणी उडतं आणि साखर राहते, हे मला डॉक्टरनं समजावलं. तुम्हाला कोण समजावणार? बाजारात तुमच्यासारखी खरी बाई नव्हती. ढगाळ दिवसांत वाळलेला माल गिऱ्हाइकाला आधी दाखवायचात, "हा आंबूस हाय, पोरांना नको देऊस," आणि पुढल्या बाजाराला तीच बाई तुम्हालाच शोधत यायची. जगाशी खरं बोललात, स्वतःशी तेवढं जमलं नाही.

सुनेनं तुम्हाला फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओळ काढली तर लोक येणार नाहीत. शिमगा तोंडावर आलाय." मी म्हटलं, "न येवोत. पाय कापलेलं गिऱ्हाईक तरी परत कुठे येतं?"

काढली तिनं. नवा लेख मी बोलले तसा लिहिला. पहिलीच ओळ, साखरेचा आजार असेल त्यांनी सुकेळी खाऊ नयेत. मग ती काळी का पडतात, किती टिकतात, पावसाळ्यात माल का मिळत नाही. उत्तम हा शब्द कुठेच नाही. तो लेख लागला आणि फोन वाजायचा थांबला. सून मांडवाखाली येऊन बसायची, केळी उलटायची, माझ्याकडे बघायची नाही.

मग ठाण्याहून एका बाईचा फोन आला. "माझ्या मिस्टरांना शुगर आहे. माल घेऊ नका म्हणणारं दुकान पहिल्यांदाच बघितलं. मुलांसाठी पाठवा." तिनं मैत्रिणींना सांगितलं, कुणी आपल्या लेखात आमच्या लेखाचा पत्ता दिला, आणि हळूहळू शोधलं की आमचा लेख वर दिसायला लागला. कॉम्प्युटरलाही शेवटी गिऱ्हाइकाचंच ऐकावं लागतं. शिमगा होऊन गेला. सून घरीच आहे, मांडव वाढवायचं म्हणते.

येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, आमच्या आईंना पहिल्यापासून खात्री होती. कसली खात्री! फोन वाजत नव्हता त्या दिवसांत मी दोनदा उठायला गेले होते, ती ओळ परत घाल असं तिला सांगायला. गुडघ्यांनी दाद दिली नाही, म्हणून बसून राहिले. हे सुनेला सांगता येत नाही. तुम्ही काय, कुणाला सांगणार.